तीन केबली, बारा चाली

चिडण्याच्या बाबतीत आमच्या घरात पहिला नंबर माझा आणि दुसरा सासऱ्यांचा. नवरा या स्पर्धेत उतरतच नाही. आम्ही दोघं पेटलो की तो गॅलरीत कपडे वाळत घालायला जातो, कपडे नसले तरी जातो.

सासऱ्यांनी चौतीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचले आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला, पण चौकापलीकडच्या नाचाच्या वर्गात ते वाजवत राहिले. तिथल्या बाराही चाली त्यांच्या स्वतःच्या. कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत, सगळ्या डोक्यात. वर्गातल्या पोरी त्यांना ‘ठेकाआजोबा’ म्हणतात आणि बाईंची पाठ वळली की चाल दुप्पट वेगात वाजवायला लावून धिंगाणा घालतात. हेही सामील.

गेल्या महिन्यात बाईंनी सांगितलं, वर्ग मोठ्या हॉलमध्ये जातोय, तीन तुकड्या होणार, तुम्ही एकटे कुठं कुठं पुरणार? बाराही चाली रेकॉर्ड करून द्या. रविवारपर्यंत मिळाल्या तर तुमच्याच चालीवर पोरी नाचतील, नाहीतर मी तयार संगीत विकत आणते.

सासरे घरी आले ते दार आपटूनच.

“तयार म्हणे! तयार संगीत! ती काय भाजी आहे?”

पाणी प्यायले, पुन्हा एकदा चिडले आणि मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मी एका दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. म्हणजे चालू असले की कुणी ओळखत नाही आणि बंद पडले की सगळे माझ्या नावाने ओरडतात.

“सूनबाई, माझ्या चाली तुझ्या डबड्यात भरता येतील?”

येतील, म्हणाले मी. किती सोपं वाटलं होतं! कीबोर्ड केबलने लॅपटॉपला जोडायचा, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडायचा, वाजवायचं.

पहिल्या दिवशी प्रोग्रामला कीबोर्ड दिसेचना. केबल जुन्या प्रिंटरची, आतून तुटलेली निघाली. दुसरी विकत आणली. पहिली चाल सुरेख भरली. मग त्यांनी दुसरी वाजवली, डोळे मिटून, मान हलवत, पूर्ण. कीबोर्डच्या स्वतःच्या स्पीकरमधून आवाज येतच होता, त्यामुळे त्यांना वाटलं भरतेय. स्क्रीनवर काही म्हणजे काही नाही.

“गेली कुठं?” ते म्हणाले.

“मला काय माहीत? परत वाजवा.”

“परत तशी येत नसते ती!”

तीन दिवस हेच. मी यूएसबीचं भोक बदललं, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला. पहिली चाल भरायची, दुसरी गायब. चौथ्या दिवशी मी स्क्रीनकडे न बघता त्यांच्याकडे बघत बसले. चाल संपली, शेवटचा सूर विरला आणि त्यांचं बोट सरळ बटणाकडे गेलं. टक्. कीबोर्ड बंद.

“हे काय केलंत?”

“काय केलं? गाणं संपलं की बंद करायचा. नाहीतर स्टेजवर कुणीतरी वायर ओढतो, स्पीकरमधून धाडकन आवाज येतो आणि पुढच्या रांगेतली माणसं उडतात.”

कीबोर्ड बंद झाला की आमच्या प्रोग्रामशी त्याचं नातं तुटतं आणि प्रोग्राम पुन्हा उघडेपर्यंत जुळत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“मी तीन दिवस ड्रायव्हर बदलतेय, बाबा! आणि तुम्ही दर वेळी बटण दाबताय!”

“मग तुझ्या प्रोग्रामला एवढी अक्कल नको, की माणूस उठलाय, येईल परत?”

नवरा गॅलरीत गेला. मी बटणावर चिकटपट्टी लावली. सासरे ती सहन करू लागले, आणि चाली भरू लागल्या.

पण ऐकायला बसलो तर मधेच एखादा सूर दोनदा वाजायचा. तोतऱ्या माणसासारखा, त-त. मला वाटलं, आवाज प्रोग्राममधून फिरून परत कीबोर्डात येतोय. ते बंद केलं, तरी तेच. मग उरली केबल. तिसरी आणली, तीही तशीच. आता मी ऐकणार नव्हते. केबल पिशवीत टाकली, सासऱ्यांना बरोबर घेतलं आणि दुकान गाठलं.

दुकानदाराने माझ्यासमोर ती केबल स्वतःच्या कीबोर्डला लावून बघितली. “केबल ठणठणीत आहे, ताई. वाजवणाऱ्याचा हात बघा.”

“म्हणजे? नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचंय तुम्हाला? तुमचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून वाजवतायत हे!”

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी आणखी बरंच बोलले. खराब माल खपवायचा आणि वर शहाणपण शिकवायचं, असलंही काहीतरी. सासरे रिकामी पिशवी धरून शेजारी उभे होते. एरवी अशा भांडणात ते माझ्या पुढे असतात.

“चल, सूनबाई,” एवढंच म्हणाले. आणि रस्त्यात, “केबलच असेल.”

शनिवारी दुपारी मी एकेक पट्टी स्वतः दाबून बघितली. प्रत्येक सूर एकदाच आला. नवऱ्याला गॅलरीतून बोलावून दाबायला लावलं, तरी एकदाच. मग सासऱ्यांची चाल उघडली आणि मोठी करून बघितली. स्क्रीनवर प्रत्येक सुराची एक बारीक रेघ दिसते. डाव्या हाताच्या रेघा स्वच्छ होत्या. जोडीने आलेल्या होत्या त्या सगळ्या उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांच्या.

“बाबा, हात पुढे करा.”

त्यांनी डावा केला.

“दुसरा.”

दोन बोटं थरथरत होती. अगदी थोडी. जेवताना, पेपर वाचताना कुणाला दिसली नसती.

“कधीपासून?”

“झाले सहा महिने.”

“सहा महिने!” माझा आवाज खालच्या मजल्यावर गेला असेल. “मी दवाखान्यात काम करते, बाबा! माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर डॉक्टर बसतात! आणि मी त्या बिचाऱ्या दुकानदाराला चार लोकांत वाट्टेल ते बोलून आले. चोर सोडून संन्याशाला फाशी! तुम्ही शेजारी उभे होतात. एक शब्द सांगायला काय झालं होतं?”

ते हाताकडे बघत राहिले.

“तू केबलला शिव्या घालत होतीस तोवर बरं वाटत होतं,” ते म्हणाले. “केबल बदलता येते.”

माझा राग उतरला नाही. त्यांच्यावर होता, माझ्या आंधळेपणावर होता, त्या दोन बोटांवर होता. फक्त आता ओरडून काही होणार नव्हतं, आणि ओरडल्याशिवाय राग कसा काढायचा ते मला येत नाही.

“सोमवारी डॉक्टरांकडे जायचं. विचारत नाहीये, सांगतेय.”

“आणि उद्याचं? बाईंना काय सांगू?”

“वाजवा तुम्ही. जास्तीचे सूर मी पुसते. एकेक रेघ निवडायची आणि काढून टाकायची.”

“असं चालतं?”

“चालवायचं.”

ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. चष्मा लावूनही त्यांना त्या रेघा दिसत नव्हत्या. मी पहिल्या चालीपासून सुरुवात केली. रेघ निवड, काढ. रेघ निवड, काढ. ते माझ्या बोटाचा टकटक आवाज ऐकत होते. झाल्यावर मी चाल लावली. सुरेल आली, जशी पोरी ऐकतात तशी.

“किती निघाले?” त्यांनी विचारलं.

एक्केचाळीस निघाले होते.

“अकरा,” मी म्हणाले.

“अकराच?” ते म्हणाले, आणि बाह्या सरसावून पुढच्या चालीला बसले.