चिंचेनं घासलेला हात

विमान उतरू लागलं तेव्हा खाली समुद्र, वाळू आणि क्रेनच क्रेन दिसल्या. कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक व्हायचा होता आणि त्यासाठी दोहा शहर जिकडेतिकडे उकरून ठेवलं होतं. विमानतळापासून अल हिलाल खरं तर हाकेच्या अंतरावर, पण वळसे घालता घालता पाऊण तास गेला. टॅक्सीवाला मलबारचा होता. "माँजी, कल इधर रास्ता था, आज खलास (संपलं)," तो हसत म्हणाला.

माझी मुलगी मधुरा इथे एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर आहे, जावई मेसईदच्या खत कारखान्यात. मधुराकडे तेव्हा निराळंच काम होतं. समुद्रकिनारी ब्राँझचे दोन अवाढव्य, उघडे तळहात उभे करायचे होते. ते घडवले होते ब्रिता नावाच्या शहात्तर वर्षांच्या स्वीडिश शिल्पकार बाईंनी. त्यांनी रंग पसंत करून सही केली की काम पुरं. नाही केली, तर मधुराचं संपत आलेलं कंत्राट काही वाढत नव्हतं.

"फार कडक आहेत गं त्या," मधुरा म्हणाली. "आणि शुक्रवारी आपल्याकडे जेवायला येतायत."

मी नाशिकची, माहेर तांबट आळीतलं. पितळ काळं दिसलं की आमच्याकडे घरच्या बाईला नावं ठेवतात. माझ्या आईचा पितळी तांब्या तिच्या माघारी तीस वर्षं मी दर शुक्रवारी चिंच-मीठ लावून घासत आले आहे. त्यात तोंड पाहून कुंकू लावावं, असा लख्ख.

तर त्या शुक्रवारी मधुरा नातीला घेऊन बाजारात गेली आणि मी घर आवरायला घेतलं. टीव्हीशेजारी धातूचा एक हात दिसला. मनगटापासूनचा, बाईमाणसाचा, करंगळी वाकडी आणि वर जन्मात कधी घासला नसावा असा काळपटपणा. पाहुणी येणार आणि घरात हे असलं ध्यान! आमटीची चिंच भिजलेली होतीच. अर्ध्या तासात हात सोन्यासारखा झाला. मी स्वतःवर जाम खूश.

मधुरा आली आणि दारातच थबकली.

"आज्जी, इट्स सो शायनी!" नात ओरडली.

"आई, काय करून बसलीस हे?" मधुरानं तो उचलून खिडकीशी नेला. तो हात म्हणजे रंगाचा नमुना होता. मोठ्या हातांना गॅसच्या टॉर्चनं, म्हणजे ज्योतीनं, तापवून, वर औषधं लावून अगदी तस्साच काळपट तपकिरी रंग चढवायचा होता. अल खोरला जिथे काम चालू होतं त्या शेडवर हरवेल म्हणून बाईंनी तो मधुराला घरी ठेवायला दिला होता. मला सांगायचं तेवढं राहून गेलं होतं.

"फोटो असेल ना त्याचा?"

"फोटोवरून रंग जुळत नाही, आई."

लेकीच्या मदतीला म्हणून आले आणि तिच्याच पोटावर पाय दिला. तेवढ्यात बेल वाजली. "मी सांगते त्यांना," मधुरा म्हणाली. मी तिला थांबवलं. घासला मी होता.

ब्रिताबाई उंच, पाठीत जराशा वाकलेल्या. बोटं सुतारासारखी जाड. मी हात त्यांच्यापुढे धरला आणि माझ्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत सांगून टाकलं, "मी घासला. मला वाटलं, मळलाय."

त्यांनी तो घेतला, उलटापालटा केला. मग त्याच्या वाकड्या करंगळीवर बोट फिरवलं.

"हा माझ्या आईचा हात आहे," त्या म्हणाल्या.

आई दगडाच्या खाणीत खडी फोडायची, करंगळी तिथेच चेचली होती. ब्रिता विसाव्या वर्षी ओतकाम करणाऱ्या कारखान्यात झाडूवाली म्हणून लागली. भट्टीजवळ बायकांना मज्जाव होता. उरलेला धातू मागून मागून तिनं हा हात ओतला आणि त्याच हिवाळ्यात आई गेली. नंतर बाईंनी आयुष्यभर कष्टकऱ्यांचे हातच घडवले. पन्नाशीपर्यंत एकही विकला गेला नाही, तोवर संध्याकाळच्या शिकवण्यांवर पोट भरलं. हा हात मात्र रोज हातात धरायच्या. तो काळपटपणा म्हणजे छप्पन्न वर्षांचा स्पर्श होता.

माझी पुरणपोळी ताटात तशीच राहिली. उठताना बाईंनी हात माझ्यापुढे ठेवला. "तुम्ही काढलंत, तुम्हीच परत आणा. रोज धरून फिरा. पुढच्या शनिवारी अल खोरच्या शेडवर या. तोवर मोठ्या हातांना कोणी टॉर्च लावायचा नाही."

पुढचे आठ दिवस मी कतार पाहिलं ते असं, उजव्या मुठीत एका परक्या आईचा हात धरून. मेसईदला जावयांनी वाळूच्या टेकड्या समुद्रात उतरताना दाखवल्या. सुंदर होत्या, पण मी दर पाच मिनिटांनी मूठ उघडून बघत होते. टपरीवर करक (वेलचीचा दाट चहा) डाव्या हातानं प्यायले. मधुराला ऑफिसातून रोज फोन येई, रंग कधी? ती म्हणे, "इन्शाल्ला, सॅटरडे," आणि माझ्याकडे न बघता फोन ठेवी. तिचा तो अबोला मला उन्हापेक्षा जास्त लागला.

शनिवारी अल खोरचा लांबलचक रस्ता संपता संपेना. शेडमध्ये ते दोन तळहात उभे होते, अजून बिनरंगाचे, पिवळे, दोन पुरुष उंच. टॉर्चवाला कामगार तयारीत बसला होता. बाईंनी छोटा हात उन्हात नेला. जिथे माझा अंगठा टेकायचा तिथे चिंचोक्याएवढा तपकिरी डाग पडला होता. आठ दिवसांची कमाई एवढीच. मी मान खाली घातली.

बाईंनी त्या डागावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. मग वर, मोठ्या हातांकडे बघत राहिल्या.

"टॉर्च ठेवून द्या. खलास," त्या कामगाराला म्हणाल्या. "यांना रंग नको. इथे जगभरातून माणसं येतील, हात लावतील. तेच रंगवतील."

त्यांनी सही केली. मधुरानं आठ दिवसांनी पहिल्यांदा माझा हात धरला आणि मला रडू फुटलं. मी बाईंची माफी मागायला लागले.

"नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "माफ नाही करता येत. आईचा हात धरून काढलेलं माझं सगळं आयुष्य त्यात होतं. ते गेलं." आणि हात पिशवीत ठेवून त्या निघून गेल्या.

नाशिकला परतले तो दिवस शुक्रवार होता. सवयीनं चिंच भिजत घातली आणि आईचा तांब्या पुढ्यात घेतला. आई रोज पहाटे ह्याच्या गळ्याशी बोटं घालून पाणी भरायची. तिथे तिच्या बोटांचं काही असेल म्हणून मी तो उजेडात धरून खूप शोधलं. तीस वर्षं मी घासला होता. त्यात माझंच तोंड दिसत होतं.