शुभाचं प्रकट वाचन

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून कुणीही ऐकलेली नाही. नवऱ्याला अर्धी माहीत आहे, आणि ती अर्धीसुद्धा मी निवडून सांगितलेली. लेकीला सगळी माहीत आहे – पण तिला मी सांगितली नाही, ती तिथंच होती. तुम्ही ना माझ्या गावचे, ना नात्यागोत्यातले. म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही जात नाहीये.

मी प्राथमिक शिक्षिका. आता निवृत्त. नव्वदच्या दशकात शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठावरच्या एका गावात नोकरीला होते. गावाचं नाव नको, त्या शाळेचा यात काही दोष नाही. नवरा दौंडला रेल्वेत, सासूबाई त्याच्याजवळ. मी आणि शुभा गावात भाड्याच्या खोलीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही मायलेकी केडगाव गाठायचो आणि गाडीनं दौंडला जायचो. रविवारी संध्याकाळी परत. त्या परतीच्या वाटेवर मी नेहमी चिडलेली असायचे, आणि माझ्या चिडण्याचं कारण माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेलं असायचं.

शुभा माझी एकुलती एक. बोलायला चुरचुरीत. एकदा ऐकलेली गोष्ट आठवड्यानं जशीच्या तशी सांगायची, आवाज बदलून, हातवारे करून. पण दुसरीत गेली तरी तिला वाचता येईना. काल ओळखलेला 'म' आज तिला परका. 'घ' आणि 'ध' म्हणजे तर जुळी भावंडं. वेलांटी कुठल्या बाजूची, हे तिला रोज नव्यानं सांगावं लागायचं. सासूबाई म्हणायच्या, जगाची पोरं शिकवतेस, घरचीच तेवढी कशी राहिली? नवरा हसण्यावारी न्यायचा, पण त्या हसण्यातही एक टोचणी असायची. आणि मी? मी तिला मारायचे. पट्टीनं, बोटांवर. हे सांगायचं ठरवलं नव्हतं, पण आलं ओघात तर असू दे.

त्याच सुमाराला तालुक्याला आमचं एक प्रशिक्षण झालं. तिथं आलेल्या एक बाई म्हणाल्या, काही मुलांची बुद्धी चांगली असते, पण अक्षर त्यांच्या डोळ्यांपुढं ठरत नाही. ती आळशी नसतात, ढ नसतात. त्यांना घरी वेगळ्या वाटेनं न्यावं लागतं. परातीत पीठ पसरून बोटानं अक्षर गिरवायचं. पाठीवर बोटानं काढून ओळखायला लावायचं. थोडं थोडं, रोज, न रागावता. आणि आपण भरपूर वाचून दाखवायचं. मी मागच्या बाकावर बसून पदरानं डोळे पुसत होते. कुणीतरी पहिल्यांदाच माझ्या पोरीबद्दल बरं बोललं होतं, आणि तेही तिला न बघता.

मी सुरू केलं. पट्टी बंद केली. आणि खरं सांगते – फरक पडत होता. फक्त अक्षर मुंगीच्या पावलानं येत होतं, आणि तपासणीचे साहेब येणार होते मोटरसायकलवरून.

तपासणी जवळ आली. बाईंची स्वतःची मुलगी वर्गात अडखळली तर काय अब्रू राहिली? मी तिला एक धडा पाठ करून दिला. तेवढ्यापुरता, असं स्वतःला बजावलं. तिला अवघड गेलं नाही, कानानं सगळं टिपायचीच ती. अवघड होतं ते बोट. शब्दाबरोबर बोट सरकलं पाहिजे, ओळ संपली की खाली आलं पाहिजे, 'झाडाखाली' म्हटलं की पान उलटलं पाहिजे. ते मी तिच्याकडून घोटून घेतलं. जेवढ्या चिकाटीनं तिला अक्षरं शिकवायला हवी होती, तेवढ्या चिकाटीनं मी तिला वाचणाऱ्याचं सोंग शिकवलं.

साहेब खूश झाले. त्यातच कुणीतरी त्यांना सांगितलं, की या मुलीला वाचता येत नव्हतं, बाईंनी घरी पिठात अक्षरं गिरवून तयार केली. मग काय! साहेब म्हणाले, हेच आयांना दाखवा. मुलीचं प्रकट वाचन ठेवा, म्हणजे त्यांनाही उमेद येईल. मी 'हो साहेब' म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण झाकलेली मूठ सगळ्यांसमोर नाचवायची वेळ आली तर काय करायचं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

आमच्याकडे पालकसभेला बायका येत नसत. हळदीकुंकवाला मात्र झाडून येत. म्हणून संक्रांतीला शाळेतच हळदीकुंकू ठेवायचं, तिळगूळ वाटायचा आणि मध्येच आपलं सांगून घ्यायचं, ही माझीच युक्ती होती. पुढं कधी भोंडला, कधी नुसताच चहा – काहीतरी निमित्त काढून बायका जमवायच्या. मी परातीत पीठ पसरून दाखवायचे आणि शेवटी शुभा वाचायची. दर वेळी नवा धडा. शेजारच्या गावांतूनही बोलावणी यायला लागली, एकदा केंदूरला जाऊन आलो. मेळाव्याच्या दिवशी सकाळी शुभाचं पोट दुखायचं. मी ओव्याचं पाणी द्यायचे. कशानं दुखतंय हे मला कळत नव्हतं का? कळत होतं.

त्या बायकांत ठकूबाई होती. धनगराची सून. सासऱ्याच्या वेळेपर्यंत त्यांचं बिऱ्हाड मेंढरांमागं फिरतं असायचं. आता नदीच्या पाण्यावर थोडी शेती होती, मेंढरं तेवढी दिरानं ठेवली होती. तिची रंजना शुभाच्याच वर्गात, आणि तिची अडचणही शुभाचीच. मला ती पहिल्या दिवशीच ओळखू आली होती. ठकूबाईनं माझा शब्दन् शब्द उचलला. रोज संध्याकाळी भाकरी थापायच्या आधी परातीतल्या पिठात रंजनाचं बोट फिरायचं, आणि मग त्याच पिठाची भाकरी व्हायची. एकदा रंजनानं आपल्या नावाचा 'र' आपण होऊन काढला, तर ठकूबाई ती भाकरी फडक्यात गुंडाळून माझ्या खोलीवर घेऊन आली. "बाई, माझ्या पोरीच्या नावाची भाकर हाय, खावा," म्हणाली. मी खाल्ली. शुभानंही खाल्ली.

आता बघा, मी हे सगळं रमून सांगते आहे. पुढचं यायला नको म्हणून. पण ते यायचंच.

दुसऱ्या वर्षीच्या संक्रांतीचं हळदीकुंकू. वर्गात सतरंजीवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या, मुली पुढं. धडा होता एका बागेचा. एका पानावर विहिरीचं चित्र, उलटलं की पोपटाचं, पुन्हा उलटलं की माळ्याचं. शुभाच्या बोटांना तिळगुळाचा चिकटा होता. विहिरीच्या पानाला ती अडखळली, पान काही केल्या उलटेना. पण तिचं तोंड थांबलं नाही. बोट विहिरीच्या चित्राखालच्या ओळींवर फिरत राहिलं, आणि तोंडानं पोपटाचं पान जसंच्या तसं, एक शब्द न चुकता येत राहिलं. बायका कौतुकानं ऐकत होत्या. त्यांतल्या बहुतेकींना पुस्तकात काय आहे ते कळायचा प्रश्नच नव्हता.

रंजना शुभाला खेटून बसली होती. तिला अक्षरं येत नव्हती. पण चित्रं येत होती – आमच्या पोरी चित्रावरूनच पान ओळखतात, त्यांना दुसरं काय साधन असतं? ती मागं वळून आईला म्हणाली, "आये, ही वाचत न्हाई. पोपट अजून आलाच न्हाई, आन् ही पोपटाचं म्हणती."

शुभा थांबली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. ठकूबाईच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, हे लक्षात घ्या. तिला फक्त मी पोरीला समजावून सांगायला हवं होतं. "व्हय बाई?" तिनं विचारलं. "काय म्हणती ही?"

त्या क्षणी मला काय काय करता आलं असतं! 'हो' म्हणता आलं असतं. माझ्याही मुलीला अजून येत नाही, हळूहळू येतंय, तुमच्या रंजनासारखंच, असं सांगता आलं असतं. त्या वर्गातल्या किती बायकांच्या छातीवरचा धोंडा हलका झाला असता. निदान पानं चिकटली म्हणून हसण्यावारी तरी नेता आलं असतं. मी हसले खरी. हसून म्हणाले, "ठकूबाई, ज्याला स्वतःला वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याचं वाचणं खोटंच वाटतं."

इथंच थांबले असते तरी एक वेळ... नाही, तरीही नाही. पण मी थांबलेही नाही. आणखी एक वाक्य बोलले, आणि ते या इतक्या वर्षांत मी स्वतःशीसुद्धा पुरतं उच्चारलेलं नाही. मी म्हणाले, "खोटं बोलायची खोड आत्ताच मोडा तिची."

ठकूबाईनं तिथल्या तिथं रंजनाच्या मुस्काटात मारली. बाईंचा शब्द होता ना! ज्या बाईनं महिनोन् महिने पोरीवर हात न उगारता, माझंच ऐकून, परातीतल्या पिठात तिचं बोट धरलं होतं, तिनं मारली. रंजना रडली नाही. तिनं शुभाकडे पाहिलं. शुभानं मान खाली घातली, नखानं चिकटलेलं पान सोडवलं, पोपट काढला, आणि बोट ठेवून पुढचं वाचायला लागली. मी तिला थांबवलं नाही. तिनं धडा पुरा केला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर रंजना पिठाला हात लावीना. ठकूबाईनं परात पुढं ठेवली की तळहातानं सगळं पुसून टाकायची. वर्गातही तिचं तोंड बंद. मी विचारलं तर छताकडे बघायची. वार्षिक परीक्षेला ती आलीच नाही. चुलत्याबरोबर मेंढरांमागं पाठवून दिली होती. मी घरी गेले. हो, गेले होते, तेवढं माझ्या नावावर मांडायचं तर मांडा. ठकूबाईनं घोंगडी अंथरली, चहा केला आणि म्हणाली, "तुम्ही लय केलं बाई. पर तुमच्यावानी आई न्हाई गावली तिला. माझंच कुठंतरी चुकलं."

मी म्हणाले, "तसं नाही हो." एवढंच म्हणाले. चहा संपवला आणि उठले.

तुम्ही म्हणाल, नंतर तरी सांगायचं. मलाही रोज तसंच वाटायचं. पण आज सांगितलं तर काल का नाही सांगितलं, हाही कबुलीचाच भाग होणार. उद्या सांगितलं तर तो आणखी लांबणार. शाळेतून खोलीवर, खोलीवरून शाळेत – वाट ठकूबाईच्या घरावरूनच जायची. ती दारातून हाक मारायची, कधी गवार द्यायची, कधी शेंगा. मी त्या घ्यायचे. नाही म्हटलं तर तिनं कारण विचारलं असतं. मेळावेही मी बंद करू शकले नाही, साहेबांना काय सांगणार? शुभा वाचत राहिली. शेवटी पाचवीला तिला दौंडच्या शाळेत घातलं, तेव्हा सुटलो – म्हणजे उघडे पडलो. सहामाहीतच तिथल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. नवऱ्याला मी सांगितलं की मुलीनं मला फसवलं, पाठ करून वाचायची. ही त्याची अर्धी गोष्ट. शुभा तेव्हा शेजारच्या खोलीत होती.

पुढं पुण्याला दाखवलं, तपासण्या झाल्या, डॉक्टरांचा तसा कागद मिळाला. घरी पुन्हा पीठ, पुन्हा पाठीवर बोट. दहावीला तिला जादा वेळ मिळाला. पास झाली. आजही सावकाश वाचते, बोट ठेवून – आता ते बोट खरं आहे. हे सगळं करता येतं, कुठं जायचं, कुणाला भेटायचं, ते मला आता माहीत झालं होतं. ठकूबाईचं घर काही सातासमुद्रापार नव्हतं. मी गेले नाही.

शुभा कॉलेजात असताना आम्ही दोघी दौंडच्या बाजारात भाजी घेत होतो. मागून हाक आली, "बाई!" ठकूबाई. केस पिकलेले, पण चेहरा तसाच मोकळा. बरोबर एक तरुण बाई, कडेवर मूल. मी ओळखलं, आणि ओळखलं नाही असं दाखवावं असं मनात येऊन गेलं. ठकूबाईनं शुभाच्या तोंडावरून हात फिरवला, काय शिकती विचारलं, डोळे भरून तिच्याकडे बघितलं. मग माझा हात धरला.

"बाई, एक गोष्ट लय दिस मनात हाय," ती म्हणाली. "ह्या पोरीनं तवा भर बायांत तुमच्या शुभावर आळ घेतला. मला अजून लाज वाटती. रंजे, पाया पड दोघींच्या."

रंजनानं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. तिला सगळं ठाऊक होतं, आणि मी काय करणार तेही ठाऊक होतं. तिनं मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आधी शुभापुढं वाकली. शुभा झटकन मागं सरली. "माझ्या नको," म्हणाली, आणि भाजीची पिशवी तिथंच ठेवून चालायला लागली.

मग रंजना माझ्यापुढं वाकली. मी मागं सरले नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठकूबाईला ऐकू जाईल असं म्हणाले, "जाऊ दे गं, लहान होतीस."

मी तिला माफ केलं.