डब्याच्या झाकणातलं घड्याळ

शहाबानोला मी पयल्यांदा बघितली तवा ती डोळ्याला भिंग लावून स्टुलावर वाकली होती. मला वाटलं, तांदूळ निवडती. जवळ जाऊन बघते तर ताटात घड्याळाची आतडी! मोहरीएवढे स्क्रू आन् केसासारखी बारीक कमान. मी म्हटलं, "अगं बाई, तुला दुसरं काय काम न्हाई व्हय?" तर मान वर न करता म्हणती कशी, "मावशी, तोंड जरा तिकडं करा. तुमच्या श्वासानं माझा स्क्रू उडंल."

नवी भाडेकरीण, आन् पयल्याच दिवशी आसं तोंड! पण मी बी न्हावऱ्याची सरूबाई हाय. गोडगोड बोलणारीवर माझा भरवसा बसत न्हाई. ही फटकळ निघाली म्हंजी आपल्यातली निघाली. कारेगावात एकाच चाळीत आमच्या खोल्या, एकाच कंपनीत काम, आन् बसायला टेबल बी एकच. गाड्यांत घालायच्या वायरींच्या जुड्या बांधायचं काम. कंपनीचं नाव सांगत न्हाई. सांगून काय तिची आरती ओवाळायचीय?

तिला घड्याळाचं येड कसं लागलं ते आधी ऐका. तिचं माहेर दौंडचं. आमच्यात काय आन् त्यांच्यात काय, जावयाच्या मनगटावर सासऱ्यानं घड्याळ बांधायचं म्हंजी बांधायचंच. तिच्या बापानं बी अमजदला, म्हंजी तिच्या नवऱ्याला, एचएमटीचं चावीचं घड्याळ दिलं. अमजद टेम्पो चालवतो. त्यानं चार महिने घातलं, मग मोबाइल आला, घड्याळ गेलं कपाटात. वर्षानं काढलं तर बंद. ह्या बयेनं काय करावं? उघडलं. रॉकेलात धुतलं, उन्हात वाळवलं आन् शिलाई मशीनचं तेल सोडलं त्यात, भजी तळावीत तसं! कमान तेलानं चिकटून बसली. घड्याळ चाललं, पण तासाला दीड तास पळायला लागलं. अमजद म्हणाला, "ह्या हिशोबानं मी पुढच्या वर्षी म्हातारा व्हतो."

दौंडला एका घड्याळजीकडं नेलं, तर त्यानं तिला बाहेरच्या बाहेर सांगितलं, "हे बायकांचं काम न्हाई. ठेव आन् जा." झालं! शहाबानोला एवढंच पुरे. घड्याळ उचललं आन् घरी आली. शिरूरच्या बाजारातनं मेलेली घड्याळं आणायची, तीन मेलेल्यांतनं एक जितं करायचं, मोबाइलवर बघून बघून शिकायचं. तीन वर्षं लागली, पण बापाचं घड्याळ तिनं चालतं केलं. पुढं तर डायल बदल, काटे बदल, ह्याची काच त्याला बसव, आसले खेळ सुरू झाले. काम संपवून आली की भाकरी टाकायची आन् भिंग लावायचं. चाळीतल्या बाया म्हणायच्या, पोरंबाळं न्हाईत म्हणून आसलं सुचतं. ही म्हणायची, "पोरं असती तर त्यांना बी शिकवलं असतं."

आता कंपनीचं ऐका. जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक, अर्धा तास. मोबाइल गेटवर जमा करायचे. भिंतीवरचं घड्याळ दिवाळीपासून बंद. सुट्टी झाली, सुट्टी संपली, हे कळायचं ते फक्त भोंग्यावर, आन् भोंग्याचं बटन सुपरवायझर सत्यजीतच्या बोटाखाली. तिशीतलं पोरगं, केसाला तेल, बोलण्यात टार्गेट. आम्हा सगळ्यांना वाटायचं, सुट्टी लवकर संपती. घास हातात आन् भोंगा डोक्यावर. पण वाटून काय करता? पुरावा कुठंय?

माझ्या जिवाला ते जास्त लागायचं, कारण माझी सून. राजनंदिनी बी आमच्याच टेबलावर. तिचं पोर सात महिन्यांचं. माझा लेक शिक्रापूरला गोडाऊनात, म्हणून दुपारी आमचे मालक, म्हंजी पोराचा आजा, त्याला खांद्यावर टाकून गेटवर आणायचे. सून चपातीची गुंडाळी खात खात पळायची आन् वॉचमनच्या खोलीमागं बसून पोराला पाजायची. एका बाजूचं पिऊन झालं, दुसऱ्या बाजूला धरलं की भोंगा! पोराच्या तोंडातनं काढून घ्यावं लागायचं. त्या लेकराचा टाहो शेडपर्यंत ऐकू यायचा आन् सून डोळे पुसत वायरी बांधायची. मी आजी आसून काय करू शकत व्हते? सत्यजीतला शिव्या, त्या बी मनात.

एक दिवस शहाबानो बापाचं घड्याळ मनगटावर बांधून आली. गेटवर फळा हाय, मोबाइल आन् सेलवर चालणारी कुठलीबी वस्तू आत न्यायची न्हाई. वॉचमन बिहारी. त्यानं आडवलं. हिनं घड्याळ त्याच्या कानाला लावलं. "चाचा, इसमें सेल कहाँ है? चाबी से चलता है." तो बिचारा टिकटिक ऐकत राहिला, मग हसला आन् सोडलं.

आठ दिवस तिनं मोजलं. रोज सकाळी गेटवर मोबाइलवर बघून घड्याळ लावायचं, सुटल्यावर ताडून बघायचं. दिवसाला पाच सेकंदांचा फरक, बास. आन् जेवणाची सुट्टी? आठच्या आठ दिवस चोवीस मिनिटं.

ती सरळ सत्यजीतपुढं जाऊन उभी राहिली. "सर, सहा मिनिटं रोज कमी मिळत्यात."

त्यानं घड्याळाकडं बघितलं आन् फिदीफिदी हसला. "हे? हे भंगार पुढं पळत असंल. म्युझियममध्ये ठेव."

दुसऱ्या दिवशी नवा नियम. मनगटावर काय बी नको, मशीनमध्ये अडकतं. आता खरं बोलायचं तर नियम काय चुकीचा न्हाई, वायर दाबायच्या मशीनपाशी बांगडी बी नको. पण तो नियम आठवायला त्याला घड्याळच दिसावं लागलं, हे बी खरं. मी म्हटलं, "बानो, झालं. संपलं." ती म्हणाली, "मनगटावर नको म्हणाला ना? मग मनगटावर न्हाई नेत."

तिनं काय केलं, तर घड्याळाचे पट्टा अडकवायचे कान कानशीनं घासून काढले आन् ते गोल घड्याळ आपल्या स्टीलच्या डब्याच्या झाकणात आतल्या बाजूनं बसवलं. पयल्या दिवशी आमटीच्या वाफेनं काच अशी धुरकटली की काटाच दिसंना, आन् दोन वाजता घड्याळ गप. घरी जाऊन परत सगळं उघडलं, पुसलं. सायकलच्या ट्यूबचं रबर कातरीनं गोल कापून घड्याळाच्या मागच्या झाकणाखाली घातलं. मग आमटी काय, रस्सा काय, घड्याळ टिकटिक करतंय! डबा उघडायचा, झाकण उलटं ठेवायचं, चटणीच्या शेजारी काटा फिरतोय.

त्या शनिवारी भोंगा झाला. सगळ्या उठल्या. शहाबानो उठली न्हाई. म्हणाली, "बारा चोपन्न झालेत. माझं जेवण व्हायचंय." आन् शांतपणे भाताचा घास घेतला.

मी काय केलं? खोटं कशाला बोलू, मी बी उठले. ठेकेदाराची माणसं आम्ही. उद्यापासून येऊ नका म्हटलं की संपलं, आन् आमच्या घरात तर दोन बाया एकाच गेटातनं आत येतात. गेटावरनं नातवाचं रडणं ऐकू येत होतं आन् मी डबा विसळत होते. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

सत्यजीत आला, झाकण बघितलं, डबाच उचलला. "हे जमा. परत दिसलं तर तू बी घरी."

शहाबानोनं हात पुसले. "ठेवा सर. रोज सकाळी चावी तेवढी द्या. ऑफिसात एक तरी घड्याळ खरं असू द्या."

संध्याकाळी ती खोलीवर आली आन् भिंतीला टेकून बसली. भिंग नव्हतं लावलं. रडत बी नव्हती, पण मला बघवेना. तिच्या बापाचं घड्याळ होतं ते, आन् बाप जाऊन दोन वर्षं झालेली. घरी गेले, ट्रंक उघडली, साड्यांच्या तळातनं आमच्या मालकांचं लग्नातलं घड्याळ काढलं. मालक म्हणाले, "अगं, ते माझंय."

मी म्हटलं, "कुणाच्या बापानं दिलं व्हतं?"

मालकांनी उठून ट्रंकेचं झाकण लावलं.

हीच गोष्ट मी सगळ्या बायांना सांगितली. तुमच्या नवऱ्याचं घड्याळ कपाटात मरून पडलंय ना? बापानं घेतलेलं ना तुमच्या? मग ते तुमचंच! सुट्टीच्या दिवशी शहाबानोच्या दारात चपलांची ही रास. सतरा बाया, सतरा घड्याळं. कुणाच्या काचेला तडा, कुणाचा काटा गळालेला, एकीच्या डायलमध्ये झुरळाचं अंडं! शहाबानो आधी कपाळाला हात लावून बसली, मग भिंग लावलं. दिवसभरात तिनं पाच चालती केली. माझं त्यात होतं. बाकीची बारा काय हाललीच न्हाईत.

"राहू दे," मी म्हटलं. "बारा बंद तर बारा बंद. झाकणात बसव. त्या शहाण्याला काय कळतंय?"

सोमवारी सकाळी सुनेला सांगितलं, "आज भोंग्याचं ऐकायचं न्हाई. एक वाजायला आला का ते वॉचमनला इचारायचं, मगच उठायचं." ती घाबरून म्हणाली, "आत्या, काम जाईल." मी म्हटलं, "गेलं तर दोघींचं जाईल. पाज पोटभर."

साडेबाराला डबे उघडले. सतरा झाकणं उलटी पडली. भोंगा झाला. मी बूड हालवलं न्हाई. कुणीच हालवलं न्हाई. नुसता चपात्या मोडल्याचा आवाज.

सत्यजीत धावत आला. "काय चाललंय? उठा!" मग त्याला झाकणं दिसली. एक बघितलं, दुसरं बघितलं, तिसरं. तिथं सव्वातीन वाजलेले, त्याच्या शेजारी पावणेनऊ, पलीकडं दहा. तो जोरात हसायला लागला. "आयला! ही तुमची घड्याळं? ह्यातलं खरं कुठलं?"

शहाबानोनं तोंडातला घास गिळला. "आमचं एक बी खरं न्हाई, सर. आम्ही अडाणी. तुम्ही सांगा की, किती वाजले?"

त्यानं झटकन खिशातनं मोबाइल काढला. सुपरवायझरला मोबाइलची परवानगी हाय. तोऱ्यात मोठ्यानं वाचायला लागला, "बारा चो..."

आन् थांबला.

मी म्हटलं, "चौदा का चोपन्न, साहेब? नीट वाचा. माझं बी चोपन्नच सांगतंय."

कुणी हसलं न्हाई. हसलो असतो तर त्याला आरडाओरडा करायला निमित्त मिळालं असतं. सतरा बाया त्याच्या हातातल्या मोबाइलकडं बघत जेवत राहिल्या. लोणचं वाढलं, पाणी पिलं. तो उभा राहिला, मग भिंतीला टेकला, मग बंद घड्याळाकडं बघत राहिला. एक वाजला तशी शहाबानो उठली, तिच्यामागं आम्ही सगळ्या उठलो.

सून एकच्या ठोक्याला टेबलावर आली. डोळे कोरडे. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, आज दोन्ही बाजूंनी प्यालं. पिता पिता झोपलं." मी मान खाली घालून वायरी बांधत राहिले, न्हाईतर माझंच रडू फुटलं असतं.

कामावरनं कुणाला काढलं न्हाई. सतरा जणींना एकदम काढलं असतं तर टार्गेट काय त्याच्या आजीनं पुरं केलं असतं? भोंगा दुसऱ्या दिवसापासनं एकला व्हायला लागला. भिंतीवरच्या घड्याळात सेल मात्र अजून घातला न्हाई, तेवढी घमेंड त्यानं ठेवली.

चार दिवसांनी त्यानं शहाबानोला ऑफिसात बोलावलं आन् डबा पुढं सरकवला. मी दारात उभी होते, ती एकटी आत गेलेली मला चालली नसती. तिनं झाकण उघडलं. घड्याळ बंद. चावी कोण देणार? तिनं खालीच बसून दोन बोटांनी हळूहळू चावी दिली, कानाला लावलं, टिकटिक सुरू झालेली ऐकली. मग काटे फिरवायला चावीचा गोंडा बाहेर ओढला आन् त्याच्याकडं बघून म्हणाली, "किती वाजले, सर?"

ती गोंडा धरून बसून राहिली. काय घाई न्हाई तिला.

शेवटी त्यानं मोबाइल काढला. "पाच वाजून बारा."

तिनं काटा बाराव्या मिनिटावर आणला, गोंडा दाबला आन् झाकण लावलं. "असंच सांगत जावा," म्हणाली, आन् माझ्या पुढनं बाहेर पडली.