बाबांचं पिंप गॅसवर आलं तेव्हा

आमच्याकडे हळदीला मटण नसेल तर लोक लग्न मोडलं की काय असं विचारतात. त्यातून आमच्या घरची हळद असेल तर नुसत्या रश्श्यावर भागत नाही, बाबांच्या पिंपातल्या धुरावरच्या मांड्या लागतात. पिंप म्हणजे खाद्यतेलाचा रिकामा ड्रम. बाबांनी तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात नेऊन त्याला खाली हवेची झडप, वर झाकण आणि धुराला नळी बसवून घेतली. भाचा त्याला स्मोकर म्हणतो. तळाशी कोळसे, वर मसाला चोळून टांगलेल्या बकऱ्याच्या मांड्या आणि शेजारी सकाळपासून खुर्ची टाकून बसलेले बाबा. निखारे फुलले की झडप लावायची, मंदावले की उघडायची. ज्याचं तारुण्य मिठागरात खाडीचं पाणी आत घेण्यात आणि अडवण्यात गेलं, त्याला हे काम आवडणारच.

मग बाबांची छाती कुरकुरायला लागली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, धूर बंद, कोळशाजवळ उभंसुद्धा राहायचं नाही, नाहीतर घरात ऑक्सिजनचं मशीन आणावं लागेल. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन कोळशाचं पोतं उन्हात सुकायला टाकलं. माझ्या भावाच्या मुलीची हळद तोंडावर आली होती.

"डागदरला हलदीतला काय कलतंय?" ते म्हणाले.

मी चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही, हे करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण बाबांवर चिडले की मला रडू येतं, म्हणून मी तिथून उठले. रात्री त्यांची धाप भिंतीपलीकडून ऐकू येत होती. हा माणूस हळदीपायी जीव देणार आणि आम्ही पंगतीत बसून जेवणार, असं माझ्या डोक्यात घोळत राहिलं.

उपाय मीच काढला. पिंपात कोळशाच्या जागी गॅसचा बर्नर बसवायचा. त्याच्यावर लोखंडी तव्यात करवंट्या आणि आंब्याच्या लाकडाच्या ढलप्या ठेवायच्या, म्हणजे वासापुरता धूर होईल आणि तोही नळीतून वर जाईल. सिलिंडर लांब, बाबांची खुर्ची वाऱ्याच्या अंगाला. बाबा ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गॅसवर चा करतान, बाय." तरी त्यांनी हो म्हटलं, कारण भाऊ केटररला विचारायच्या बेतात होता.

रविवारी दोन कोंबड्या टांगून तालीम घेतली. ज्योत निळी, आच एकसारखी, बाबांना करण्यासारखं काहीच नाही. त्यांनी पेपर वाचला, कावळे हाकलले, पुन्हा पेपर वाचला. मी पाणी आणायला आत गेले आणि परत आले तर पिंपाजवळ गॅसचा वास. बाबांनी सवयीने झडप लावली होती. कोळसा हवा तोडली की निवांत धुमसतो, गॅसची ज्योत मात्र गुदमरून विझते आणि गॅस येतच राहतो. मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला. बाबा काडीपेटी हातात घेऊन उभे होते. मी ती हिसकावून घेतली.

"जित्याची खोड," भाऊ म्हणाला, आणि पुढचे शब्द त्याने गिळले. मग हळूच म्हणाला, "बाबा, राहू दे आता. मी केटररला सांगतो."

एरवी नाकावर माशी बसू न देणारा माणूस, कोपऱ्यात बसून स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. मला त्यांची इतकी दया आली की वाटलं, आणावं ते पोतं आणि पेटवू द्यावेत कोळसे.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर दारात टेम्पो. बाबा पिंप घेऊन एकटेच कळंबोलीला जाऊन आले होते. झडप कापून काढलेली, तिथे हाताएवढं उघडं भोक, कडा घासून गुळगुळीत केलेल्या.

"माजा हात जानारच," ते म्हणाले. "मंग म्हनला झडपच नको."

भाऊ पिंपाभोवती फिरला, वाकून भोकातून आत पाहिलं आणि केटररचा विषय त्यानंतर काढला नाही.

हळदीच्या दिवशी पिंप सकाळी पेटलं आणि संध्याकाळपर्यंत पेटलेलंच राहिलं. बाबा खुर्चीत होते. ढलप्या संपल्या की सांगायचे, तवा मी भरायचे. मांड्या उतरवल्या तेव्हा मांस हाडावरून सुटत होतं. वास थोडा कमी होता, खोटं कशाला बोलू. पंगतीत उरणकडच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांच्या ते लगेच लक्षात आलं.

"कोलसा बदललास का रं?" त्यांनी विचारलं.

मी वाढता वाढता थांबले. बाबांनी हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता, आणि मीही मान डोलावली असती.

"कोलसा नाय, गॅस हाय," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कोलशान मना दम लागतंय. आनि हिच्या दोन पोरींच्या हलदी अजून माज्यावर हायत."

माझी धाकटी पाचवीत आहे.