पदक लावून पळताना

मागच्या हिवाळ्यात मी सुटीवर साक्रीला आले, तेव्हा तालुक्याच्या मैदानी स्पर्धांना प्रमुख पाहुणी म्हणून मला बोलावलं. मी सीमेवरच्या दलात शिपाई. दलाकडून आठशे मीटर पळायचे. लढाईच्या दिवसांत आमच्या चौकीजवळ गोळे पडले. त्या मोहिमेचं पदक मिळालं आणि डावा कान गेला. कानासोबत तोलही गेला. सरळ चालता येतं, पण वेगात वळले की जमीन तिरपी होते. घरी हे सगळ्यांना ठाऊक होतं.

संयोजक माझे सख्खे काका. सत्कार आटोपताच ते माइकवर म्हणाले, "आता आपली वाघीण पोरींसोबत पळून दाखवेल!"

मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, डॉक्टरांनी पळू नको म्हणून सांगितलंय."

"आमदार यायला अजून अर्धा तास आहे. तोवर लोकांना बसवू कसं? एकच फेरी. आणि वर्दीतच पळ, फोटो चांगला येतो."

मी पहिल्या रांगेतल्या वडिलांकडे पाहिलं. ते म्हणाले, "पय ना बेटा, बठ्ठं गाव दखी ऱ्हायनं." सगळं गाव खरंच बघत होतं.

शिट्टी डाव्या बाजूला वाजली, मला ऐकूच आली नाही. मुली सुटल्या तशी मीही सुटले. सरळ पट्ट्यात दोघींना मागं टाकलं, आणि खरं सांगते, फार बरं वाटलं. मग वळण आलं. मी तोंडावर आपटले. उठले, पुन्हा पडले. लोकांनी मोबाइल वर केले.

"बॉर्डरवर अशीच पळायची का गं?" काका माइकवरून म्हणाले. मैदान हसलं.

उरलेली फेरी मी चालत पुरी केली. बक्षिसं माझ्याच हातून द्यायची होती. तळहात सोलले होते, पहिल्याच ढालीला रक्त लागलं. काकांनी ती रुमालानं पुसून माझ्याकडे परत दिली. "हसून दे," म्हणाले.

घरी दारात चपला काढताना वडील म्हणाले, "मेडल तरी काढी ठेवानं व्हतं आदी. माटीनं भरनं ना."

सुटी शिल्लक होती, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या कपड्यांत धुळ्याची बस धरली. शेजारच्या सीटवरच्या अनोळखी बाईनं हसत हसत मोबाइल माझ्यापुढं धरला.

"दखा ना ताई, कशी पडनी ती!"

मी पाहिलं. ती दोनदा पडली. बाईनं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.