भाज्यातली भरती-ओहोटी

“हितं काय हाय? दगूड. त्यो काय पळून चाललाय व्हय? तुमी कोकणात जावा.”

भाज्याची लेणी बघायला आलेल्या माणसाला पहिल्या पायरीपाशीच हे ऐकून घ्यावं लागायचं. तुम्ही कधी शनिवार-रविवारी तिथं आला असाल, तर तुम्हीही ऐकलं असेल. उकडलेल्या शेंगांचं पातेलं पुढ्यात घेऊन बसलेली, सत्तरी ओलांडलेली, किडकिडीत बाई. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं.

मावशीनं समुद्र पाहिलेला नव्हता. कामशेतच्या बाजारात सुकट विकायला येणाऱ्या एका बाईकडून तिनं तो वर्षानुवर्षं थोडाथोडा ऐकला होता. तेवढ्या भांडवलावर ती पर्यटकांना कोकणात काय काय करायचं ते सांगायची.

“पयलं समुद्राला आपलं नाव-गाव सांगायचं. न सांगता पान्यात शिरायचं न्हाई. जाळं वढत असतील तर हात लावायचा, नुसतं बघत ऱ्हायचं न्हाई. सोलकढी दोनदा मागायची. आन् वाळू घरी आनायची न्हाई, तिला करमत न्हाई.”

आणि माणसं खरोखर जायची! माझ्या दोन खोल्या आहेत, घरगुती जेवण देतो. एकदा पुण्याच्या एका कुटुंबानं दोन दिवस राहायचं ठरवलं होतं. मी भाकरी टाकायला सांगितल्या आणि हे लोक शेंगा खात खात गाडीत बसून तसेच अलिबागकडे निघाले. त्यांच्यातल्या आजोबांनी काचेतून मला आनंदानं हात केला.

शेवटी देवळात बैठक बसली. चहावाले, कणीसवाले, रिक्षावाले, मी.

“मावशे, गिऱ्हाईक जातंय आमचं,” सरपंच म्हणाले.

“जाईना. त्येंचं गुडघं दुखत्यात पायऱ्या चढून. तितं सपाट असतं.”

“तू कधी पाह्यलंय का?”

“तुमी न्हाई पाह्यलं म्हून तर तुमाला कळंना!”

बरीच चर्चा झाल्यावर असा ठराव झाला, की मावशीला एकदा समुद्र दाखवून आणायचा. घाटात गाडी लागेल, ऊन लागेल, हौस फिटेल. गाडी माझी, म्हणून काम माझ्याकडे आलं.

गाडी तिला लागली नाही, मला लागली. अकराच्या सुमाराला किनाऱ्यावर पोचलो, तर समोर नुसता चिखल. पाणी पार लांब, एखादी रेघ ओढल्यासारखं. मावशी त्या रेघेकडे टक लावून उभी होती. मला आधी बरं वाटलं, मग तिचा चेहरा पाहून माझीच मला लाज वाटली.

ती शहाळंवाल्याकडे गेली. “समुद्र कुटं गेला, भाऊ?”

“ओहोटी आहे, मावशी. चारपर्यंत येईल परत.”

“येतो म्हनालाय न्हवं? मग बसते.”

आणि ती वाळूत पदर डोक्यावर घेऊन बसली. थोड्या वेळानं एक जोडपं चिखल बघून परत निघालं. मावशीनं त्यांना थांबवलं. “एवढं लांबनं आलाय तर भेटून जावा. कामाला गेलाय, यील आता.” ते बसले. मग एक शिक्षक, मग मुंबईच्या तीन बहिणी. दुपारी तीन वाजता आम्ही आठ माणसं ओळीनं वाळूत बसलो होतो, वऱ्हाड यायला उशीर झाल्यावर मांडवात बसतात तशी. शहाळंवालासुद्धा गाडा सोडून येऊन बसला.

पाणी आलं तेव्हा तिघी बहिणींनी चक्क टाळ्या वाजवल्या. मावशी उठली, घोटाभर पाण्यात गेली, हात जोडले. तिनं नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणाली, “तुमी बी या कदी तिकडं.”

परतीच्या वाटेवर ती सारखी मूठ उघडून बघत होती. तिच्या हातात एक चिठ्ठी होती. शहाळंवाल्याचा नंबर.

दुसऱ्या दिवसापासून मावशी सकाळी त्याला फोन करू लागली. डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रापासून घाटभर अंतरावर, भाज्यात रोजची भरती-ओहोटी कळू लागली. आणि तिचं बोलणं बदललं. “कोकणात जावा, पर आज न्हाई. आज दुपारी त्यो घरी नसतो. आज लेणी बगा, ह्येंच्याकडं ऱ्हावा, उद्या सकाळच्याला निघा.” माझ्या दोन्ही खोल्या भरायला लागल्या. देवळात पुन्हा बैठक बसली आणि तिचा नारळ देऊन सत्कार झाला. तो तिनं हलवून पाहिला आणि म्हणाली, “ह्यात पानी कमी हाय.”

यंदा माघात मावशी गेली. झोपेतच. आजारी वगैरे काही नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी बसलो होतो. कोनाड्यात तिचा फोन वाजला. तिच्या सूनबाईनं तो माझ्याकडे दिला.

“मावशी, दोन दिवस फोन नाही तुमचा?” शहाळंवाला म्हणाला. “आज साडेदहाला भरती आहे.”

मी त्याला सांगितलं.  फोनमध्ये त्याच्या मागून पाण्याचा आवाज येत होता.

“मग आता रोज कुणाला सांगू?” त्यानं विचारलं.

“मला सांगा,” मी म्हणालो, आणि लिहून घ्यायला कागद शोधू लागलो.