उजवीकडचा एंटर

कारध्याच्या पुलावर गाडी बाजूला घेऊन फोन उचलला, तेव्हा पलीकडून कुंदावहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, आटोपलं." वैनगंगेवर वारा सुटला होता, म्हणून मी काय म्हणालात असं पुन्हा विचारलं. खरं तर पहिल्यांदाच नीट ऐकू आलं होतं... माझा मित्र गजानन गेला, त्याला आता महिना होत आला. त्याच्यावर लिहायचं, पण डोळे पुसत लिहायचं नाही, असं मी ठरवलं आहे. त्याला रडकी माणसं नाटकातसुद्धा चालत नसत.

कोंढ्याला बसस्टॉपजवळ त्याचं टायपिंगचं दुकान. लग्नपत्रिका आणि अर्ज पोटासाठी. जीव मात्र नाटकात. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आमच्या मंडळासाठी गजानन दरवर्षी नवं नाटक लिहायचा, तेही थेट कॉम्प्युटरवर, आणि त्यात मुख्य काम मी करायचो. नवा विषय डोक्यात घोळत असतानाच त्याला लकवा मारला. उजवा हात गेला. मग आम्ही सगळे शहाणे सल्ले द्यायला धावलो. फोनमध्ये बोलून लिही म्हटलं, तर फोन त्याच्या झाडीबोलीची शाळेतली मराठी करून टाकायचा. शेवटी मी म्हणालो, तू सांग, मी टाईप करतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू आज बसशील. उद्या सुचलं त मी कोनाच्या दारात जाऊ? नाटक माह्या हातानंच लिहीन."

दुकानातला कॉम्प्युटर जुना, लिनक्सवर चालणारा. कीबोर्ड त्याहून जुना. त्याच्या डाव्या कडेला ईमेल, कॅल्क्युलेटर, आवाज अशी जास्तीची बटणं होती, ज्यांना आजवर कुणी बोट लावलं नव्हतं. गजाननने नेमकी तीच धरली. प्रत्येक बटणाला आतून एक नंबर असतो आणि त्या नंबरावर हवं ते काम लावता येतं, हे त्याने वाचून वाचून काढलं. शिफ्ट दाबून ठेवून पलीकडचं अक्षर गाठणं एका हाताला जमेना, म्हणून ईमेलचं बटण झालं शिफ्ट. एकदा दाबून सोडलं की पुढच्या अक्षराला लागू. कॅल्क्युलेटर खोडायला, आवाजाचं बटण एंटरला. उजवीकडचा एंटर त्याला बंदच करायचा होता, कारण तो निर्जीव हात घसरून त्यावर पडायचा आणि संवाद मधेच तुटायचे.

इथे एक गंमत झाली. घाईत त्याने आधी जुना एंटर बंद केला, मग नव्या एंटरची आज्ञा टाईप केली, आणि ती चालवायला एंटरच उरला नाही. मी हसून हसून लोटपोट. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "तलावाची जुनी पाळ फोडली, न् नवी बांधाची राहून गेली." मशीन बंद करून पुन्हा सुरू केली, सगळं मूळ जागी आलं, आणि तो पहिल्यापासून लागला. या वेळी जमल्यावर मशीन बंद केली तरी टिकेल असं ते साठवूनही ठेवलं. तेव्हा मला त्याच्या हट्टाचा वैताग यायचा. आता त्या हट्टावाचून करमत नाही.

दोन अंक त्याने त्या एका हाताने लिहिले. तिसरा अर्ध्यावर असताना तब्येत पुन्हा बिघडली. दवाखान्यात शेवटचं भेटलो, तेव्हा तुटक शब्दांत त्याने नाटकाचा शेवट मला सांगितला आणि म्हणाला, "मंडई चुकवू नोको."

परवा वहिनींनी दुकान उघडून दिलं. नवा कीबोर्ड आणतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "काहून? हा चालू हाये न." बसलो. दोन्ही हातांनी लिहू लागलो. एक संवाद झाला, सवयीने उजवीकडचा एंटर दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला... वहिनी मागे उभ्या होत्या.

मग मी माझा उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि डाव्याने आवाजाचं बटण दाबलं. ओळ खाली सरकली.

मंडई जवळ येऊन ठेपली आहे. रोज संध्याकाळी जाऊन बसतो. माझा डावा हात मंद आहे, चुका फार होतात, कॅल्क्युलेटर सारखा दाबावा लागतो. पण तिसरा अंक मी त्याच हाताने पुरा करणार आहे.